हे तास कुणाच्या खात्यात मांडायचे?

या वेळी चार पत्रं घेतलीत आणि चारही एकाच दुखण्याबद्दलची आहेत, अमेरिकेतल्या मेडिकल कॉलेजांत शिकवणाऱ्या मायनॉरिटी डॉक्टरांवर जो जास्तीचा भार पडतो त्याबद्दलची. पत्रं थोडी कापलीत, नावं काढून टाकलीत.

प्रश्न १

ताई, मी सध्या अटलांटाला मुलाकडे आलेय. माझी सून कृष्णवर्णीय अमेरिकन आहे, लहान मुलांची डॉक्टर, मेडिकल कॉलेजात असिस्टंट प्रोफेसर. पोरगी दिवसभर राबते आणि रात्री जेवणं झाली की परत लॅपटॉप उघडून बसते, कधी विद्यार्थ्यांचे फोन, कधी ॲडमिशनचे इंटरव्ह्यू, कधी कुठली तरी कमिटी. एवढं करून यंदा तिचं प्रमोशन झालं नाही, म्हणे संशोधन कमी पडतंय. तिच्याबरोबर लागलेला गोरा मुलगा मात्र झाला असोसिएट. मुलगा म्हणतो आई तू यात पडू नकोस, पण मला निदान समजून तरी घेऊ दे, एवढं काम करणाऱ्या माणसाचं काम कमी कसं काय पडतं?

उत्तर

ताई, तुम्ही अगदी बरोबर ठिकाणी बोट ठेवलंय. तिचं काम कमी पडत नाहीये, तिच्या कामातला मोठा भाग मोजलाच जात नाहीये.

याला इकडे मायनॉरिटी टॅक्स म्हणतात. अमादो पाडिया या प्राध्यापकांनी १९९४ मध्ये 'कल्चरल टॅक्सेशन' म्हणून एकंदर विद्यापीठांबद्दल हे मांडलं होतं, पुढे २०१५ मध्ये रॉड्रिगेझ, कॅम्पबेल आणि पोलोली या तिघांनी मेडिकल कॉलेजांबद्दल सविस्तर लिहिलं आणि तेव्हापासून डॉक्टरांच्या बोलण्यात हा शब्द रुळला. होतं काय, की कॉलेजला प्रत्येक कमिटीवर, प्रत्येक इंटरव्ह्यू पॅनेलवर एक तरी कृष्णवर्णीय नाहीतर लॅटिनो, म्हणजे लॅटिन अमेरिकन वंशाचा, डॉक्टर हवा असतो. हवा असणं चांगलंच आहे, पण असे डॉक्टर मुळात आहेत किती? देशाच्या लोकसंख्येत कृष्णवर्णीय साधारण १३ टक्के, डॉक्टरांमध्ये पाच-सहा टक्के, आणि मेडिकल कॉलेजच्या फॅकल्टीत चार टक्क्यांच्या आसपास. म्हणजे कमिट्या ढीगभर आणि माणसं मूठभर, मग त्याच त्या माणसांना सगळीकडे बोलावलं जातं, आणि वर त्या कॉलेजातला प्रत्येक कृष्णवर्णीय विद्यार्थी आपली अडचण घेऊन त्यांच्याच दाराशी येतो कारण दुसरं दारच नसतं.

मी बरीच वर्षं प्रमोशन कमिटीवर बसतेय म्हणून आतलं सांगते. फाइल उघडली की आधी बघतात पेपर किती, ग्रँट किती, बाहेरच्या कॉलेजांतल्या मोठ्या लोकांनी पत्रात काय लिहिलंय. मग शिकवणं. आणि सगळ्यात शेवटी 'सर्व्हिस' म्हणून एक मथळा, त्याखाली कमिट्यांची नावं, त्यावरून नजर फिरते आणि पान उलटतं. तुमच्या सुनेने एखाद्या गळपटलेल्या विद्यार्थिनीला वर्षभर धरून ठेवलं, कॉलेज सोडू दिलं नाही, ते त्या पानावर कुठेच दिसत नाही. तिच्याबरोबरचा मुलगा त्याच संध्याकाळी पेपर लिहीत होता. तो काही वाईट वागला असं नाही, त्याच्या दारावर कुणी टकटक केली नाही इतकंच.

आता ग्रँटचं. एनआयएच ही वैद्यकीय संशोधनाला पैसा देणारी इथली सगळ्यात मोठी सरकारी संस्था. २०११ मध्ये डोना गिंथर आणि सहकाऱ्यांनी 'सायन्स' या नियतकालिकात दाखवलं की शिक्षण, आधीचे पेपर, आधीच्या ग्रँट हे सगळं हिशोबात धरलं तरी कृष्णवर्णीय संशोधकांना ग्रँट मिळण्याचं प्रमाण गोऱ्यांपेक्षा १० टक्के पॉइंटांनी कमी राहतं. मग २०१९ मध्ये एनआयएचच्याच लोकांनी खोलात जाऊन बघितलं तेव्हा कळलं की या तफावतीतला २० टक्क्यांहून जास्त भाग विषयाच्या निवडीमुळे आहे, म्हणजे वस्तीतलं आरोग्य, लोकसमूहांमधली विषमता असे विषय जे घेतात त्यांना पैसा कमी मिळतो, आणि हे विषय घेणाऱ्यांत कृष्णवर्णीय संशोधक जास्त. आपल्या माणसांच्या आजारावर काम करायला जावं तर तिथेही हात आखडता. मला हे वाचून आजही संताप येतो.

आणि मूठभरच का, हेही एकदा समजून घ्या. १९१० मध्ये अब्राहम फ्लेक्सनर यांचा अहवाल आला, मेडिकल कॉलेजांचा दर्जा सुधारायचा म्हणून. त्या वेळी कृष्णवर्णीयांची सात मेडिकल कॉलेजं होती, पुढच्या काही वर्षांत त्यातली पाच बंद पडली, उरली वॉशिंग्टनचं हॉवर्ड आणि नॅशव्हिलचं मेहॅरी. दुसरी कॉलेजं तर कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांना घेतच नव्हती, किंवा घेतलाच तर एखाद-दुसरा. ती पाच चालू राहिली असती तर २०१९ पर्यंत सुमारे ३५ हजार जास्तीचे डॉक्टर तयार झाले असते असा अंदाज २०२० मध्ये एका अभ्यासात मांडला गेला. ती पिढी असती तर आज प्रोफेसर झाली असती, चेअर म्हणजे विभागप्रमुख झाली असती, आणि तुमच्या सुनेला एकटीला दहा कमिट्या कराव्या लागल्या नसत्या.

तुम्ही काय करू शकता? एक विनंती आहे, तिला 'सोड गं त्या कमिट्या' असं लगेच म्हणू नका. ती ते विद्यार्थी सोडणार नाही कारण तिच्या वेळेला तिच्यासाठी कुणीतरी असंच बसलं होतं, नाहीतर कुणीच बसलं नव्हतं, दोन्हींपैकी काहीही असलं तरी ती सोडणार नाही. आणि त्या कामाने खरंच जीव वाचतात. कॅलिफोर्नियात ओकलंडला कृष्णवर्णीय पुरुषांबरोबर एक प्रयोग झाला होता, २०१८ मध्ये त्याचे निष्कर्ष आले, डॉक्टर कृष्णवर्णीय असला तर त्याच्याशी बोलून झाल्यावर जास्त पुरुष रक्ततपासणीला, फ्लूच्या लसीला तयार झाले. म्हणजे असे डॉक्टर कॉलेजला हवेत, शहराला हवेत, पेशंटला हवेत, आणि ते घडवायचं काम मात्र फुकटात. तिला विचारा की प्रमोशन नाकारल्याचं कारण लेखी मिळालंय का, आणि पुढच्या खेपेसाठी नेमकं काय हवंय ते चेअरने लिहून दिलंय का. नसेल तर ते मागायचा तिला पूर्ण हक्क आहे. रॉबर्ट वूड जॉन्सन फाउंडेशनचा हॅरोल्ड एमॉस म्हणून एक फॅकल्टी प्रोग्रॅम आहे, १९८३ मध्ये सुरू झालेला, त्यात संशोधनासाठी चार वर्षं आधार मिळतो, तो तिच्या टप्प्याला बसतो का तेही बघायला सांगा. आणि रात्री ती लॅपटॉपवर असते तेव्हा घर तुम्ही सांभाळताय हे पत्रात लिहिलं नाहीत तरी कळलं मला. तेवढ्यासाठी तिच्यातर्फे मीच तुमचे आभार मानते.

प्रश्न २

मी निवृत्त भूलतज्ज्ञ, न्यू जर्सी. सत्तरच्या दशकात आलो. आम्हाला इथे कुणी पायघड्या घातल्या नव्हत्या. उच्चारावरून टोमणे खाल्ले, कुणी जायला तयार नाही अशा गावांत नोकऱ्या केल्या, कधी तक्रार केली नाही. आमच्या वेळी या प्रकाराला कुणी टॅक्स-बिक्स म्हटलं नाही. आता त्याचं एवढं अवडंबर कशाला? आणि मुळात आपली मुलं मायनॉरिटीत धरतात की नाही ते एकदा स्पष्ट सांगा.

उत्तर

आधी तुमचा दुसरा प्रश्न. मेडिकल कॉलेजांची जी देशपातळीवरची संघटना आहे तिने २००३ पासून व्याख्या अशी धरली की लोकसंख्येत ज्यांचा जेवढा वाटा आहे त्या मानाने डॉक्टरीत जे कमी आहेत ते 'अंडररिप्रेझेंटेड'. या हिशोबात भारतीय वंशाची मुलं सहसा बसत नाहीत, कारण आपण डॉक्टरीत लोकसंख्येच्या मानाने कितीतरी जास्त आहोत. मात्र फॅकल्टीत एशियन डॉक्टर साधारण पाचातला एक असले तरी चेअर आणि डीनच्या खुर्च्यांवर त्या प्रमाणात दिसत नाहीत, हेही खरं आहे. तेव्हा आपल्या वाट्याला काहीच येत नाही असं मी म्हणणार नाही.

तुम्ही जे सोसलंत ते खरं आहे आणि त्याला तेव्हा कुणी नाव दिलं नाही हा तुमच्यावर झालेला अन्यायच होता. पण नाव नव्हतं म्हणून भार नव्हता असं थोडंच आहे? तुमच्या मागून आलेली पोरं आजही जे-१ व्हिसावर येतात, रेसिडेन्सी, म्हणजे हॉस्पिटलातलं प्रशिक्षण, संपली की एकतर दोन वर्षं मायदेशी जा नाहीतर डॉक्टर नसलेल्या भागात काम करून सूट मिळवा, आणि ती सूट एका राज्याला वर्षाला ३० जणांनाच. या देशातले साधारण चौथा हिस्सा डॉक्टर बाहेरच्या देशांत शिकलेले आहेत, आणि छोट्या गावांतली कितीतरी हॉस्पिटलं त्यांच्यावर चालतात, तरी कॉलेजच्या नेमणुकीत 'फॉरेन ग्रॅज्युएट' म्हणून त्यांच्या फाइली मागे पडताना मी बघितल्यात.

आता एक गोष्ट मात्र शांतपणे ऐकून घ्या. तुम्ही येऊ शकलात ते १९६५ च्या इमिग्रेशन कायद्यामुळे. त्याच्या आधी १९४६ पासून भारताचा कोटा वर्षाला १०० माणसांचा होता, शंभर, अख्ख्या देशाला. १९६४ चा नागरी हक्कांचा कायदा आणि त्याच्या पाठोपाठ हा, दोन्ही एकाच लाटेत झाले, आणि ती लाट उभी केली ती कृष्णवर्णीयांच्या चळवळीने, मार खाऊन, तुरुंगात जाऊन. १९६६ मध्ये मेडिकेअर, म्हणजे वयस्कर लोकांचा सरकारी आरोग्य विमा, सुरू झालं तेव्हा सरकारने सांगितलं की गोऱ्यांचे आणि कृष्णवर्णीयांचे वेगवेगळे वॉर्ड ठेवाल तर पैसा मिळणार नाही, तेव्हा कुठे दक्षिणेतल्या हॉस्पिटलांचे दरवाजे उघडले. त्याआधी कित्येक ठिकाणी गावच्या मेडिकल सोसायटीत कृष्णवर्णीय डॉक्टरला सभासदच करून घेत नसत, आणि सभासद नाही म्हणून हॉस्पिटलात पेशंट भरती करायचा हक्क नाही. म्हणूनच त्यांनी १८९५ मध्ये स्वतःची नॅशनल मेडिकल असोसिएशन काढली. अमेरिकन मेडिकल असोसिएशनने या सगळ्याबद्दल माफी मागितली ती २००८ मध्ये. तुम्ही सत्तरच्या दशकात ज्या दारातून आत आलात ते दार त्यांनी ढकलून ढकलून उघडलं होतं, आणि आज त्यांची लेक म्हणते मला हे एकटीला झेपत नाहीये तर त्याला अवडंबर म्हणणं तुमच्यासारख्या सोसलेल्या माणसाला शोभत नाही, मला मनापासून वाटतं म्हणून बोलतेय. तुमच्या ओळखीचे कितीतरी लोक आज मोठ्या पदांवर असतील, त्यांना एक फोन करा आणि विचारा की तुमच्याकडे मेंटॉरिंगचे तास प्रमोशनला धरता का.

प्रश्न ३

ताई, मी इंटर्नल मेडिसिनला असिस्टंट प्रोफेसर आहे, मिडवेस्टमधलं मोठं कॉलेज. लागल्या लागल्या डायव्हर्सिटी कमिटीवर घातलं, मग परदेशी रेसिडेंट्सची मेंटॉर केलं, मग वेलनेस कमिटी, मग वेबसाइटसाठी फोटो, तोही दर वर्षी. नाही म्हटलं तर 'टीममध्ये मिसळत नाही' असा शिक्का बसेल अशी भीती वाटते, व्हिसा कॉलेजवरच आहे. आणि मध्यंतरी एका पेशंटने सगळ्या रेसिडेंट्ससमोर 'मला अमेरिकन डॉक्टर पाहिजे' म्हटलं, माझ्या सीनिअरने हसून विषय बदलला. मी घरी येऊन रडले. दोन्हीचं काय करू?

उत्तर

आधी पेशंटचं बोलू, कारण ते आत रुतून बसतं. तू रडलीस त्यात कमीपणा काही नाही. तिथे बोलायची जबाबदारी तुझी नव्हतीच, त्या खोलीत जो सगळ्यात सीनिअर होता त्याची होती. रेसिडेंट्स ते बघत होते, त्यातल्या सावळ्या पोरांनी त्या दिवशी काय धडा घेतला असेल याचा विचार केला की मला तुझ्या सीनिअरचा जास्त राग येतो. २०१८ मध्ये एक अभ्यास झाला होता, २७ मायनॉरिटी रेसिडेंट्सच्या मुलाखती घेतलेल्या, त्यात परत परत हेच आलं, रोजचे बारीक बारीक अपमान, सगळ्या समाजाचा प्रतिनिधी म्हणून उभं केलं जाणं, आणि कामावर आपण नेमकं कोण म्हणून वावरायचं याची ओढाताण. म्हणजे तू एकटी नाहीयेस.

पेशंट डॉक्टर बदलून मागतो तेव्हा काय करायचं यावर २०१६ मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन या वैद्यकीय नियतकालिकात चांगलं लिहिलं गेलंय. पहिलं बघायचं ते पेशंटची तब्येत. जीव धोक्यात असेल तर आधी उपचार, १९८६ च्या कायद्याने इमर्जन्सीत आलेल्याला तपासून स्थिर करणं हॉस्पिटलला बंधनकारकच आहे. मग बघायचं की तो शुद्धीत, भानावर बोलतोय का, डिमेन्शिया किंवा डेलिरियममधल्या माणसाचं बोलणं वेगळं धरायचं. मग कारण. अत्याचार झालेली बाई लेडी डॉक्टर मागते, किंवा कुणाला आपली भाषा बोलणारा डॉक्टर हवा असतो, ती मागणी आपण आनंदाने मान्य करतो. नुसता द्वेष असेल तर स्थिर पेशंटला स्पष्ट सांगता येतं की आमचे डॉक्टर हेच आहेत, मान्य नसेल तर दुसरीकडे जायला आम्ही मदत करू. आणि त्या डॉक्टरला काय हवंय हेही विचारायचं, काहींना तिथून बाजूला व्हायचं असतं, काहींना मुद्दाम थांबायचं असतं, दोन्ही बरोबर. मेयो क्लिनिक या नावाजलेल्या हॉस्पिटलने तर यासाठी स्टाफला ठरलेल्या पायऱ्या दिल्यात, मध्ये पडा, वागणं चुकीचं आहे ते बोलून दाखवा, संस्थेची मूल्यं सांगा, नियम समजावा, आणि मग रिपोर्ट करा. तुझ्या हॉस्पिटलची अशी पॉलिसी आहे का ते शोध, नसेल तर चीफकडे मागणी कर, आणि एकटी जाऊ नकोस, अजून तीन-चार जणांना घेऊन जा. नोकरीच्या जागी वंशावरून त्रास होऊ नये हा तुझा हक्क १९६४ च्या नागरी हक्कांच्या कायद्यात आहे आणि त्याला व्हिसा आडवा येत नाही.

आता कमिट्या. नाही म्हणायला शिक असा सल्ला तुला दहा जणांनी दिला असेल, मी देणार नाही, कारण व्हिसावर असलेल्या माणसाला तो सल्ला देणं सोपं आणि पाळणं अवघड. त्याऐवजी प्रत्येक वेळी एकच प्रश्न ईमेलवर विचार, यासाठी माझं दुसरं कुठलं काम कमी करायचं? आठवड्याचा अर्धा दिवस म्हणजे दहा टक्के वेळ, तेवढं एक क्लिनिक कमी होणार असेल तर मी आनंदाने करते. हे अगदी नम्रपणे लिहायचं पण लिहायचंच, तोंडी नको, कारण तोंडी बोलणं कुणाच्या लक्षात राहत नाही आणि मेल राहतो. निम्म्या वेळा समोरून उत्तरच येत नाही आणि कमिटी आपोआप सुटते.

जे काम ठेवशील ते मोजायला लाग. किती रेसिडेंट्स, किती तास, त्यातल्या कुणाला फेलोशिप लागली, कुणाचा पेपर आला, सगळं एका फाइलमध्ये, महिन्याला एकदा बसून. सीव्हीत नुसतं 'मेंटॉरिंग' असं लिहू नकोस, ते कमिटीवर आम्हाला काहीच सांगत नाही. परदेशी रेसिडेंट्ससाठी तू जे सेशन घेतेस ते नीट अभ्यासक्रम म्हणून लिहून काढ, आधी-नंतर काय फरक पडला ते मोज, आणि मेडएडपोर्टलला पाठव, तिथे असे शिकवण्याचे मॉड्यूल तपासून छापतात आणि ते पेपर म्हणून धरले जातात. त्याच मेहनतीचे दोन उपयोग होतात मग.

आणि एक माणूस शोध जो तुझं नाव तू नसलेल्या खोलीत घेईल. सल्ला देणारे मेंटॉर खूप भेटतात, पण परिषदेत भाषणाला हिचं नाव घाला, या पेपरात हिला घ्या, असं सांगणारा एक जरी भेटला तरी बाहेरून येणाऱ्या पत्रांची चिंता मिटते. तो आपलाच असायला पाहिजे असं काही नाही. फोटोला बिनधास्त नाही म्हण, त्याने कुणाचंच अडत नाही.

प्रश्न ४

मी टेक्सासमध्ये रेसिडेंट आहे. आमच्या कॉलेजचं डीईआय (विविधता, समन्याय, समावेश यांचं काम बघणारं) ऑफिस कायद्यामुळे बंद झालं. मग आता हा जास्तीचा भारही कमीच होणार ना?

उत्तर

नाही होणार, उलट वाढेल अशी मला काळजी वाटते. टेक्सासचा तो कायदा १ जानेवारी २०२४ पासून लागू झाला, त्याच्या आधी २९ जून २०२३ ला सुप्रीम कोर्टाने ॲडमिशनमध्ये वंशाचा विचार करायला मनाई केली, आणि जानेवारी २०२५ पासून डीईआयच्या विरोधात केंद्र सरकारचेही आदेश आले. ऑफिस बंद झालं म्हणजे तिथला पगारी माणूस गेला. ज्या विद्यार्थ्याला रात्री अकरा वाजता कुणाशी तरी बोलायचंय तो कुठे गेला नाही, तो आता थेट त्या एकट्या कृष्णवर्णीय नाहीतर लॅटिनो प्रोफेसरला मेसेज करतो, आणि आधी ज्या तासांची निदान ऑफिसच्या वहीत नोंद होती ती पण आता नाही. त्यात येणारी मुलं कमी झाली तर पुढे हा भार वाटून घ्यायला माणसंही कमी असणार. ॲडमिशनमध्ये वंश बघायला ज्या राज्यांनी पूर्वीच बंदी घातली होती तिथल्या सरकारी मेडिकल कॉलेजांत पाच वर्षांत मायनॉरिटी विद्यार्थ्यांचा वाटा तिसऱ्या हिश्शाहून जास्त घटला होता, २०२२ मध्ये तो अभ्यास आलाय.

तुझ्या हातात एक गोष्ट आहे. विद्यार्थ्यांना सल्ला देणं, शिकवणं, रेसिडेन्सीच्या अर्जाला मदत करणं यावर कुठेही बंदी नाही, ते सगळ्या विद्यार्थ्यांसाठी खुलं ठेव, त्याला ॲडव्हायझिंग आणि टीचिंग म्हण, कारण ते तेच आहे, आणि शिकवण्याच्या मथळ्याखाली तास मांड, सर्व्हिसखाली नको. प्रोग्रॅम डायरेक्टरला वर्षाच्या मूल्यमापनात ते वाचून दाखव.

कुणाच्या डिपार्टमेंटने हे तास खरोखर मोजायला सुरुवात केली असेल तर कशी केली, किती टक्के वेळ दिला, प्रमोशनला कसं धरलं, ते मला जरूर कळवा. कॉलेजचं नाव न घालता पुढच्या अंकात छापते.